घरच्या राउटरवरचं प्रगत राउटिंग: स्टॅटिक राउट, दोन राउटर, व्हीपीएन आणि दुसरी लाइन

वाटाड्या

एक राउटर, एक लाइन आणि सगळी उपकरणं एकाच नेटवर्कात असतील तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड राउटिंग’ या पानावर काहीच करायचं नसतं. आतलं नेटवर्क राउटरला माहीत असतं, बाकीचं सगळं तो डीफॉल्ट गेटवेकडे, म्हणजे पुढच्या ठरलेल्या राउटरकडे, ढकलतो. घरात दुसरा राउटर, वेगळं सबनेट (पत्त्यांचा वेगळा पट्टा असलेलं नेटवर्क), व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारा खाजगी बोगदा) किंवा दुसरी इंटरनेट लाइन आली की मात्र हे पान लागतं. धागा त्यासाठीच आहे.

हात घालण्याआधी दोन कामं. सध्याच्या सेटिंगचा बॅकअप राउटरच्या मेनूतून फाइल म्हणून उतरवून घ्या. दुसरं, लॅपटॉप वायफायवर न ठेवता राउटरच्या लॅन (घराच्या बाजूच्या) पोर्टला केबलने जोडा आणि त्याला हाताने पत्ता द्या, म्हणजे डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सोय) बिघडलं तरी लॉगिनचं पान उघडता येईल. मिक्रोटिक कंपनीचे राउटर वापरणाऱ्यांनी ‘सेफ मोड’ चालू करूनच बदल करावेत, कनेक्शन तुटलं तर बदल आपोआप मागे घेतले जातात.

आता स्टॅटिक राउट, म्हणजे अमुक नेटवर्कला अमुक वाटेने जायचं हे राउटरला हाताने लिहून देणं. टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांत तो ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मधल्या ‘नेटवर्क’ खाली ‘राउटिंग’ मध्ये असतो, आसुसमध्ये ‘लॅन’ खालच्या ‘राउट’ टॅबवर, ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवर घालायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ‘नेटवर्क’ खाली. रकाने सगळीकडे तेच: डेस्टिनेशन, सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा), गेटवे, इंटरफेस (राउटरची कुठली बाजू) आणि कुठे कुठे मेट्रिक (राउटचा पसंतीक्रम).

उदाहरण घेऊ. मुख्य राउटर ‘अ’ चा पत्ता १९२.१६८.१.१. त्याच्या लॅन पोर्टला दुसऱ्या राउटर ‘ब’ चा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पोर्ट जोडलेला, ‘ब’ चा वॅन पत्ता १९२.१६८.१.२ आणि त्याच्या मागचं नेटवर्क १९२.१६८.२०.०. तर ‘अ’ वर भरायचं असं: डेस्टिनेशन १९२.१६८.२०.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.२, इंटरफेस लॅन.

इथे तीन चुका नेहमी दिसतात. डेस्टिनेशनमध्ये नेटवर्कचा पत्ता न लिहिता एखाद्या मशीनचा लिहिला जातो, म्हणजे १९२.१६८.२०.५ आणि मास्क मात्र २५५.२५५.२५५.०. काही राउटर ते नाकारतात, काही गुपचूप बदलून घेतात. एकाच मशीनपुरता राउट हवा असेल तर मास्क २५५.२५५.२५५.२५५ द्या. दुसरी चूक, गेटवे म्हणून ‘ब’ चा आतला पत्ता १९२.१६८.२०.१ देणं. गेटवे नेहमी ‘अ’ ला थेट दिसणाऱ्या नेटवर्कातलाच लागतो. तिसरी, इंटरफेस म्हणून वॅन निवडणं. दुसऱ्या नेटवर्कला जायचं म्हणजे ‘बाहेर’ असं वाटतं, पण ‘ब’ हा ‘अ’ च्या लॅनवर आहे.

आणि ‘ब’ चा वॅन पत्ता पक्का करा. तो डीएचसीपीने बदलला की राउट हवेत लटकतो. ‘अ’ वर त्याच्या मॅक पत्त्यासाठी (हार्डवेअरच्या ओळख क्रमांकासाठी) राखीव नोंद केली की पुरे.

सबनेट२४

महत्त्वाची भर. वरचं सगळं करूनही ‘अ’ कडच्या मशीनवरून ‘ब’ मागच्या मशीनला पोचता येणार नाही, कारण ‘ब’ च्या फायरवॉलला वॅनकडून आलेली नवी कनेक्शनं मुळातच नाकारायला शिकवलेलं असतं. राउट फक्त वाट दाखवतो, दार उघडत नाही.

म्हणून ‘ब’ वर दोन गोष्टी लागतात. एक, नॅट, म्हणजे आतल्या पत्त्यांच्या जागी स्वतःचा पत्ता लावणं, बंद करणं. काही राउटरांत यासाठी ‘ऑपरेशन मोड’ मध्ये ‘राउटर, नॅटशिवाय’ असा पर्याय असतो, काहींत वॅनच्या पानावर नॅटची खूण काढायची असते. दोन, १९२.१६८.१.० कडून येणाऱ्या वाहतुकीला वॅन ते लॅन अशी परवानगी. कंपनीच्या मूळ फर्मवेअरमध्ये (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) बऱ्याचदा दुसरी सोय नसतेच. तसं असेल तर तिथे थांबा, स्टॅटिक राउटने काम होणार नाही. मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून ठरावीक पोर्टवर आलेलं आतल्या मशीनकडे वळवणं) करा किंवा ‘ब’ ला साधा अ‍ॅक्सेस पॉइंट (राउटिंग न करता फक्त वायफाय देणारा) बनवा.

तांब्याची_तार

‘ब’ वरचं नॅट बंद केल्याकेल्या ‘ब’ मागच्या उपकरणांचं इंटरनेट बंद पडलं तर घाबरू नका. क्रम असा असतो: १९२.१६८.२०.५ वरून निघालेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) मूळ पत्त्यासह ‘अ’ कडे येतं. आता त्याचा पत्ता बदलून बाहेर सोडणं हे ‘अ’ चं काम. काही घरगुती राउटर फक्त स्वतःच्या लॅन सबनेटलाच नॅट लावतात. १९२.१६८.२०.० त्यांच्या लेखी परकं, म्हणून पॅकेट खाजगी पत्त्यासकट बाहेर जातं आणि पुढे कुठेतरी टाकून दिलं जातं.

खात्री अशी करा. ‘ब’ मागच्या मशीनवरून १९२.१६८.१.१ ला पिंग करा, म्हणजे उत्तर मागणारी छोटी हाक द्या. उत्तर येतं, पण १.१.१.१ ला (इंटरनेटवरच्या सार्वजनिक पत्त्याला) येत नाही, तर दोष ‘अ’ च्या नॅटमध्ये आहे. १९२.१६८.१.१ चंही उत्तर नाही, तर ‘अ’ वरचा परतीचा स्टॅटिक राउट चुकला आहे. पहिल्या प्रकाराला मूळ फर्मवेअरमध्ये सहसा उपाय नसतो. ‘ब’ वर नॅट परत चालू करा, किंवा ‘अ’ आणि ‘ब’ च्या जागा बदला.

निळी_केबल

मांडणी वाटाड्यांनी दिली आहे तशीच. ‘ब’ वर नॅट बंद, फायरवॉल उघडली, ‘अ’ वर राउट आहे. १९२.१६८.१.५० वरून १९२.१६८.२०.५ ला पिंग जातो, चारही उत्तरं येतात. पण त्याच मशीनवरचं वेबपान उघडत नाही, फाइल शेअरही जोडला जात नाही. दोन्ही मशीनवरची फायरवॉल तपासण्यापुरती बंद करून पाहिली, फरक नाही.

सबनेट२४

@निळी_केबल, पिंग चालतो आणि टीसीपी (वेबपान, फाइल शेअर ज्यावर चालतात ते कनेक्शन) अडतं ही या मांडणीची ठरलेली खूण आहे. पॅकेटची जायची वाट आणि यायची वाट वेगळी पडली आहे.

तुमचं मशीन १९२.१६८.१.५०. त्याला फक्त डीफॉल्ट गेटवे ‘अ’ माहीत, म्हणून कनेक्शनची सुरुवात करणारं पहिलं पॅकेट ‘अ’ कडे जातं, तिथून ‘ब’ कडे, तिथून सर्व्हरकडे. सर्व्हरचं उत्तर ‘ब’ कडे येतं. आता ‘ब’ पाहतो की १९२.१६८.१.५० हा तर माझ्याच वॅनच्या नेटवर्कात आहे, मग तो उत्तर थेट तुमच्या मशीनला देतो. ‘अ’ ला हे उत्तर दिसतच नाही. तुमचं मशीन पोच देणारं तिसरं पॅकेट पुन्हा ‘अ’ कडे पाठवतं. ‘अ’ च्या फायरवॉलच्या वहीत या कनेक्शनचा अर्धाच व्यवहार लिहिलेला आहे, उत्तर न येताच पोच कशी आली म्हणून ती पॅकेट अवैध ठरवून टाकते. पिंगमध्ये अशी तीन पायऱ्यांची बोलणी नसते, म्हणून तो सुटतो.

उपाय, माझ्या पसंतीच्या क्रमाने.

सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे ‘ब’ ला ‘अ’ च्या लॅनमधून बाहेर काढून दोन राउटरांमध्ये स्वतंत्र जोडनेटवर्क करणं. ‘अ’ चा एक पोर्ट वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच राउटरवरच्या वेगळ्या काढलेल्या आभासी नेटवर्कात) टाका, त्याला १०.२५५.०.१ आणि ‘ब’ च्या वॅनला १०.२५५.०.२ द्या, मास्क २५५.२५५.२५५.२५२. या मास्कमध्ये वापरता येणारे पत्ते दोनच असतात, तेवढेच हवेत. ‘अ’ वरच्या राउटचा गेटवे आता १०.२५५.०.२. ‘ब’ कडून १९२.१६८.१.० ला जायची वाट ‘अ’ मधूनच, त्यामुळे जाणं-येणं एकाच रस्त्याने होतं. ‘अ’ च्या फायरवॉलमध्ये लॅन आणि हे नवं नेटवर्क यांच्यात दोन्ही बाजूंनी परवानगी द्यायला विसरू नका.

‘अ’ ला पोर्ट वेगळे करता येत नसतील तर मशीनलाच थेट वाट सांगा. विंडोजमध्ये प्रशासक म्हणून उघडलेल्या खिडकीत ‘राउट -पी अ‍ॅड १९२.१६८.२०.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१.२’ ही आज्ञा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. ‘-पी’ मुळे ती रीस्टार्टनंतरही टिकते. दोनचार मशीन असतील तर हे पुरेसं आहे.

‘अ’ वर लॅनमधून ‘ब’ कडे जाणाऱ्या वाहतुकीला नॅट लावूनही काम होतं, कारण मग उत्तर ‘अ’ लाच द्यावं लागतं. पण सर्व्हरच्या नोंदीत सगळेच जण १९२.१६८.१.१ म्हणून दिसतात. अवैध पॅकेट टाकण्याचा नियमच बंद करा असा सल्ला कुठे मिळाला तर तो घेऊ नका, त्याने दुखणं झाकतं आणि फायरवॉल ढिली होते.

पॅकेटपाल

मशीन जास्त असतील तर तेच काम डीएचसीपीचा पर्याय क्रमांक १२१ करतो. राउटर पत्ता देतानाच जास्तीचे राउट हातात ठेवतो. तो बाइट्सच्या माळेने लिहावा लागतो: आधी मास्कमधल्या बिट्सची संख्या, मग नेटवर्कचे तेवढेच अर्थपूर्ण आकडे, मग गेटवे. वरच्या उदाहरणासाठी २४, १९२, १६८, २०, १९२, १६८, १, २.

यातला सापळा: हा पर्याय मिळाला की क्लायंटने नेहमीचा गेटवे सांगणारा पर्याय क्रमांक ३ दुर्लक्षित करायचा, असं आरएफसी ३४४२ या इंटरनेटच्या मानकात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे फक्त वरची माळ दिली तर घरातलं इंटरनेट बंद. डीफॉल्ट राउटही त्याच माळेत जोडा: ०, १९२, १६८, १, १. पहिलं शून्य म्हणजे मास्कची लांबी शून्य, नेटवर्कचे आकडे नाहीत, लगेच गेटवे. काही राउटर ही माळ सोळाच्या पायावरच्या आकड्यांत मागतात, तेव्हा रूपांतर कॅलक्युलेटरवर करा, मनात करू नका. बदलानंतर क्लायंटवर पत्ता नव्याने घ्यावा लागतो.

निळी_केबल

जोडनेटवर्क केलं. वेबपान आणि फाइल शेअर दोन्ही चालू. विंडोजची फायरवॉल परत लावल्यावर शेअर पुन्हा अडला होता, कारण त्या नियमाची व्याप्ती ‘लोकल सबनेट’ होती. तिथे १९२.१६८.१.० चं नेटवर्क जोडल्यावर सुटला. आता प्रिंटर: पत्ता टाकून छापता येतं, पण यादीत आपोआप दिसत नाही.

तांब्याची_तार

दिसणार नाही, आणि त्यात राउटची चूक नाही. आपोआप सापडणं हे एमडीएनएसवर (नेटवर्कात हाक मारून उपकरणं शोधायच्या पद्धतीवर) चालतं, पत्ता २२४.०.०.२५१, पोर्ट ५३५३, आणि ती हाक एका नेटवर्कापुरतीच असते. टीव्ही आणि मीडिया सर्व्हरवाल्या एसएसडीपीचं, २३९.२५५.२५५.२५० पोर्ट १९००, राउटरपाशी तेच होतं. एमडीएनएससाठी राउटरवर रिफ्लेक्टर (हाक दुसऱ्या नेटवर्कात पोचवणारा) बसवता येतो, ओपनडब्ल्यूआरटीत अवाही नावाचं पॅकेज आहे. प्रिंटरसाठी एवढं करू नका. त्याला पक्का पत्ता देऊन हाताने जोडा.

यावरून एक मूळ प्रश्न विचारायला हवा: घरात दुसरं सबनेट खरोखर हवं आहे का? फक्त वायफायचा पल्ला वाढवायचा असेल तर ‘ब’ चा डीएचसीपी बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ पत्ता द्या आणि केबल वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये खोचा. राउटिंगचा विषयच संपतो. वेगळं सबनेट कॅमेरे, पाहुण्यांचं वायफाय किंवा कामाची मशीन बाजूला ठेवण्यासाठी करावं, तिथे एकमेकांना न दिसणं हाच हेतू असतो.

वाटाड्या

आता बाहेरच्या बाजूकडे. सेवा देणाऱ्याचा मोडेम-राउटर पुढे आणि आपला राउटर मागे, दोघेही नॅट करतात, अशी दुहेरी नॅटची मांडणी खूप घरांत असते. ब्राउझिंगला त्रास होत नाही, पोर्ट फॉरवर्डिंग आणि व्हीपीएन सर्व्हर मात्र अडतात. आपल्या राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन पत्ता पाहा. तो १०. ने सुरू होणारा, १७२.१६ ते १७२.३१ मधला किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा असेल तर वर अजून एक नॅट आहे. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर ते नॅट सेवा देणाऱ्याच्या जाळ्यात आहे. हा पट्टा २०१२ साली त्याच कामासाठी राखून ठेवला गेला. घरात कितीही सेटिंग बदलली तरी त्यावर उपाय नाही, सार्वजनिक पत्ता मागावा लागतो किंवा आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) वापरावं लागतं.

पुढचं उपकरण घरातलंच असेल तर ते ब्रिज मोडमध्ये (राउटिंग न करता फक्त पुढे पोचवणाऱ्या) टाकून पीपीपीओईचं, म्हणजे सेवा देणाऱ्याशी जोडणारं, लॉगिन आपल्या राउटरवर घ्या. सेवा देणाऱ्याकडून आधी तीन गोष्टी लिहून घ्या: युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक असल्यास तो. व्हीलॅन चुकला तर राउटर ‘कनेक्टिंग’ वरच अडतो, पासवर्डची चूक आहे असा संदेशसुद्धा येत नाही, कारण समोरून कुणी बोलतच नाही. पासवर्ड चुकला तर नकार येतो आणि तो लॉगमध्ये दिसतो. या फरकावरून दोष कुठे आहे ते लगेच कळतं.

पॅकेटपाल

ब्रिज केल्यावर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, तपासाच. पीपीपीओईचं वेष्टन ८ बाइट्सचं, म्हणून १५०० मधून उरतात १४९२. राउटरवर १५०० तसंच राहिलं आणि मोठ्या पॅकेटबद्दलचे आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारे) संदेश वाटेत कुणी अडवले, तर काही साइट उघडतात, काही अर्ध्यात लटकतात. मजकूर येतो, चित्रं येत नाहीत, फाइल अपलोड सुरू होऊन थिजतो.

मोजायची रीत: विंडोजमध्ये ‘पिंग -एफ -एल १४६४’ आणि पुढे बाहेरचा पत्ता. १४६४ मध्ये आयपी आणि आयसीएमपीची २८ बाइट्सची शीर्षकं मिळवली की १४९२. उत्तर आलं आणि १४६५ ला आलं नाही तर एमटीयू बरोबर १४९२. १४६४ लाही आलं नाही तर आकडा दहादहाने उतरवत जा, उत्तर आलं की एकेकाने चढवा. लिनक्सवर पर्याय ‘-एम डू -एस १४६४’, यातला एम मोठ्या लिपीतला. टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या मजकुराचा कमाल आकार) राउटरने आपोआप बसवावा अशी ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ ची खूण चालू ठेवा. आयपीव्ही४ ला १४५२, आयपीव्ही६ ला १४३२ येतो.

काही लाइनींवर आरएफसी ४६३८ ची सोय असते. तिथे खालच्या पोर्टचा एमटीयू १५०८ केला की पीपीपीओईला पूर्ण १५०० मिळतात. पण मधलं ब्रिज केलेलं उपकरणही १५०८ नेणारं हवं. वरच्या पिंगने १४७२ जात असेल तरच तसं ठेवा.

सबनेट२४

व्हीपीएनचा एमटीयू याच हिशोबात धरा. वायरगार्ड या व्हीपीएनचं वेष्टन आयपीव्ही४ वरून ६० बाइट्स, आयपीव्ही६ वरून ८०. त्याचा ठरलेला १४२० हा १५०० मधून ८० वजा करून आलेला आहे. खाली पीपीपीओईची १४९२ ची लाइन असेल आणि बोगदा आयपीव्ही६ वरून जात असेल तर १४१२ करा. फक्त आयपीव्ही४ वरून असेल तर १४३२ पर्यंत जागा असते, म्हणजे १४२० तसाच चालतो.

राउटिंगच्या दृष्टीने वायरगार्डमधला ‘अलाउड आयपीज’ हा रकाना नीट समजून घ्या. तो दोन कामं करतो. बाहेर जाताना कुठलं नेटवर्क कुठल्या पिअरकडे (बोगद्याच्या दुसऱ्या टोकाकडे) पाठवायचं ते ठरवतो, आणि आत येताना त्या पिअरकडून कुठले पत्ते स्वीकारायचे तेही. दोन घरं जोडताना प्रत्येक बाजूच्या या रकान्यात समोरच्याचं नेटवर्क हवं, स्वतःचं नाही. एकच नेटवर्क दोन पिअरना दिलं तर ते शेवटी लिहिलेल्याकडे जातं आणि पहिला पिअर निमूटपणे मुका होतो.

दोन्ही घरांत १९२.१६८.१.० असेल तर कुठलाच राउट चालणार नाही. मशीनला समोरचा पत्ता स्वतःच्याच नेटवर्कातला वाटतो, तो राउटरकडे येतच नाही. एका बाजूचं नेटवर्क बदला. बदलताना १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ दोन्ही टाळा, बहुतेक राउटर तेच घेऊन येतात. १०.७३.२०.० सारखा आडवाटेचा पट्टा घ्या.

निळी_केबल

फक्त टीव्ही आणि एक लॅपटॉप व्हीपीएनमधून, बाकी घर थेट. ‘अलाउड आयपीज’ मध्ये ०.०.०.०/० (सगळे पत्ते) दिलं की सगळंच बोगद्यात जातं. राउटर ओपनडब्ल्यूआरटीचा.

पॅकेटपाल

०.०.०.०/० तसंच राहू द्या, त्या पिअरच्या सेटिंगमधली ‘राउट अलाउड आयपीज’ ही खूण काढा. मग डीफॉल्ट राउट मुख्य तक्त्यात घुसत नाही. आता वेगळा राउटिंग तक्ता करा, समजा क्रमांक १००. त्यात एकच डीफॉल्ट राउट, इंटरफेस वायरगार्डचा. नंतर दोन नियम: उगम पत्ता टीव्हीचा असेल तर तक्ता १००, लॅपटॉपचा असेल तर तक्ता १००. दोघांचे पत्ते डीएचसीपीत राखून ठेवा.

मग हे चार तपासा. टीव्हीला घरातला मीडिया सर्व्हर वेगळ्या सबनेटवर असेल तर तक्ता १०० मध्ये त्या सबनेटचाही राउट हवा, नाहीतर घरातली वाहतूकही बोगद्यात जाते. दुसरं, बोगदा पडला की त्याचा राउट तक्त्यातून गळतो, मग शोध मुख्य तक्त्याकडे सरकतो आणि टीव्ही उघड्यावर बाहेर पडतो. ते नको असेल तर तक्ता १०० मध्ये जास्त मेट्रिकचा ‘अनरीचेबल’ प्रकारचा डीफॉल्ट राउट टाका. बोगदा असताना तो झोपलेला असतो, पडला की अडवतो. तिसरं, हे सगळं आयपीव्ही४ साठी झालं. लाइनवर आयपीव्ही६ असेल तर टीव्ही त्यातून थेट जाईल. तसाच नियम आयपीव्ही६ ला करा किंवा टीव्हीचं नेटवर्क आयपीव्ही६ विना ठेवा. चौथं, फायरवॉलमध्ये लॅनमधून वायरगार्डच्या झोनकडे जायची परवानगी आणि त्या झोनवर मास्करेडिंग, म्हणजे नॅट.

नियम बरोबर असून पॅकेट जाऊन परतत नसेल तर रिव्हर्स पाथ फिल्टरचा आकडा पाहा. १ म्हणजे कडक: उगम पत्त्याकडे परत जायची वाट त्याच इंटरफेसवरून असेल तरच पॅकेट घेतो. दोन वाटा ठेवल्या की ही अट मोडते. त्या इंटरफेसपुरतं २, म्हणजे सैल, करा.

तांब्याची_तार

त्यात भर: वेग वाढवणारं ऑफलोडिंग. फ्लो ऑफलोड चालू असेल तर ठरलेली कनेक्शनं नेहमीच्या वाटेने न जाता आखूड वाटेने जातात, आणि नवा नियम लागू झालाय की नाही ते कळत नाही. मिक्रोटिकचा ‘फास्टट्रॅक’ तर मँगलचे (पॅकेटवर खूण करणारे) नियम ओलांडूनच जातो. तपासताना ते बंद ठेवा, सगळं बसल्यावर चालू करून परत तपासा. आणि प्रत्येक बदलानंतर जुनी कनेक्शनं संपू द्या किंवा राउटर रीस्टार्ट करा. आधी जुळलेलं कनेक्शन जुन्याच वाटेने चालत राहतं, आणि नियम चुकला असं उगाच वाटतं.

वाटाड्या

दुसऱ्या लाइनीबद्दल थोडक्यात. मेट्रिक कमी तो राउट आधी: पहिल्या लाइनीला १०, दुसऱ्या लाइनीला २०. पण मेट्रिक फक्त राउट जिवंत असेपर्यंतच बोलतो. केबल जोडलेली आहे, मोडेमचा दिवा हिरवा आहे आणि पुढे रस्ता खुंटला आहे, अशा वेळी राउट हलत नाही. म्हणून तपासणी लागते. गेटवेला पिंग करणं उपयोगाचं नाही, गेटवे उत्तर देत राहतो आणि बिघाड त्याच्या पलीकडे असतो. दूरचे दोन पत्ते घ्या, दर ५ सेकंदांनी एक पिंग, सलग ३ चुकले तर लाइन पडली, सलग ५ आले तर उठली. उठवायला पाडण्यापेक्षा जास्त वेळ द्या, नाहीतर डळमळीत लाइन दर मिनिटाला घर इकडून तिकडे हलवते.

दोन्ही लाइनी एकदम वापरायचा मोह टाळावा असं माझं मत. दोन लाइनींचे सार्वजनिक पत्ते वेगळे. बँकेच्या साइटला एकाच लॉगिनच्या विनंत्या दोन पत्त्यांवरून आलेल्या दिसल्या की ती बाहेर काढते. वापरायच्याच असतील तर एका मशीनची वाहतूक काही वेळ एकाच लाइनीला चिकटवणारा ‘स्टिकी’ पर्याय चालू ठेवा. घरासाठी एक चालू, एक राखीव ही मांडणी पुरते.

सबनेट२४

यात डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा, विसरला जातो. सेवा देणाऱ्याचा डीएनएस सर्व्हर बऱ्याचदा फक्त स्वतःच्या ग्राहकांना उत्तर देतो. लाइन बदलली, राउट बदलला, पण राउटर पहिल्याच डीएनएसला विचारत बसला तर सगळं बंद असल्यासारखं दिसतं, १.१.१.१ ला पिंग मात्र जातो. दोन्ही लाइनींवरून चालणारा सार्वजनिक डीएनएस ठेवा. आणि तपासणीचा पत्ता त्या डीएनएसहून वेगळा निवडा. काही राउटर तपासणीचा पत्ता त्या-त्या लाइनीला बांधून टाकतात, ती लाइन पडली की तो पत्ता कुठूनच मिळत नाही.

निळी_केबल

व्हीपीएनचे दोन्ही नियम बसले. एक शंका: ‘डायनॅमिक राउटिंग’ खाली आरआयपी व्हर्जन २ चा (राउटरांनी एकमेकांना राउट सांगण्याचा) पर्याय दिसतो. चालू केल्याने ‘ब’ चे राउट आपोआप येतील का?

तांब्याची_तार

येतील, ‘ब’ लाही तो येत असेल तर. दर ३० सेकंदांनी तक्ता वाटला जातो, १५ टप्प्यांपलीकडचं नेटवर्क पोचण्याबाहेरचं मानलं जातं. पण लॅनवरचं कुठलंही उपकरण खोटा राउट सांगू शकतं, आणि घरात दोनच राउटर आहेत. बंद ठेवा. दोन ओळी हाताने लिहा, राउटरच्या तक्त्यात त्या दिसतात याची खात्री करा, आणि वाटेतले टप्पे दाखवणारी ‘ट्रेसर्ट -डी’ ही आज्ञा दोन्ही टोकांकडून चालवा. १९२.१६८.१.५० वरून १९२.१६८.२०.५ कडे जाताना पहिला टप्पा ‘अ’, दुसरा ‘ब’, तिसरा सर्व्हर. सर्व्हरवरून परत पाहताना पहिला ‘ब’, दुसरा ‘अ’, तिसरा तुमचं मशीन. परतीच्या यादीत ‘अ’ दिसला नाही तर ‘ब’ चा वॅन अजून जुन्याच लॅनमध्ये आहे.